आर्टचं सिल्क

मी जात्याच भित्री बाई. पालीला भिते, विजेला भिते, एसटी घाटात वळली की डोळे गच्च मिटून घेते. आणि अशा बाईनं पोटासाठी धंदा निवडला कोणता, तर रेशमी साडीवर हातानं चित्रं काढण्याचा! आमचे हे म्हणतात, तू सर्कशीत गेली असतीस तर तुला याहून कमी घाम फुटला असता. खरंच आहे ते.

लोकांना वाटतं, किती शांत काम! खिडकीजवळ बसायचं, रेडिओ लावायचा आणि फुलंपानं काढायची. "काय छान छंद आहे हो तुमचा," असं कुणी म्हटलं की मला रंगाची वाटी त्यांच्या अंगावर ओतावीशी वाटते. छंद कसला? कागदावर चुकलं तर कागद फाडता येतो. भिंतीवर चुकलं तर चुना मारता येतो. रेशमाला एकदा रंग लागला की संपलं. खोडायचं नाही, धुवायचं नाही, देवाला हाक मारायची नाही. ब्रशच्या टोकाला थेंब लोंबायला लागला की माझा श्वास आत अडकतो, तो थेंब वाटीत परत जाईपर्यंत बाहेर येत नाही. असा श्वास अडकवत अडकवत मी नांदुऱ्यात आयुष्य काढलं.

काम कसं चालतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं समजेल. कोरी रेशमी साडी आधी धुऊन तिची खळ काढायची. मग ती लाकडी चौकटीवर हात-दोन हात ताणून बसवायची. आमच्याकडे ही चौकट म्हणजे नवार काढलेला जुना पलंग. त्यावर पेन्सिलीनं पुसट आखून घ्यायचं आणि रंग भरायचे. रंग दोन जातींचे. एक पातळ, तो धाग्याच्या आत मुरतो. तो पक्का करायला साडी गुंडाळून वाफेवर ठेवावी लागते, आणि झाकणाच्या वाफेचं पाणी साडीवर टपकलं तर सगळ्या मेहनतीची माती. दुसरा रंग जाड. तो कापडावर बसतो, आणि उलट्या बाजूनं कडक इस्तरी फिरवली की पक्का होतो. थोडक्यात काय, रंग कोणताही असो, शेवटी त्याला उष्णता लागतेच. उष्णता नाही मिळाली तर रंग कच्चा राहतो. "रंग गेला" हे दोन शब्द म्हणजे आमच्या धंद्यातलं मरण. एका बाईनं हळदीकुंकवात ते उच्चारले की पुढची दोन वर्षं कुणी दार वाजवत नाही.

चित्रं म्हणाल तर वारली, मधुबनी, गोंड, मागाल ते. यातलं आमच्या बुलढाण्याचं काहीच नाही, पण गिऱ्हाइकाला त्याचं काय! वारली माणसं तुम्हाला माहीत असतील, दोन त्रिकोण टोकाला टोक जोडून काढलेली, काडीसारख्या हातापायांची. मलकापूरच्या एक बाई तयार साडी न्यायला आल्या. पदर उलगडून बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "काऊन बाप्पा, इतके वाळले हे? काही खायले देता का नाही यायले? जरा भरा ना अंगानं!" लग्नसराईतली साडी होती, उपाशी माणसं अपशकुनी दिसतात म्हणे. दुसऱ्या एका माळकरी बाईंनी मधुबनीतले मासे बघितले आणि पाय मागे घेतला. "आमच्या घरात मासोई चालत नाही." मी त्या सगळ्या माशांना शेपटीकडून पानं फोडली आणि देठ काढून दिले. डोळे मात्र तसेच राहिले. डोळे असलेली पानं नेसून त्या बाई आनंदानं कीर्तनाला जातात, आणि समोर आल्या की मी रस्ता बदलते.

अशा भीतींची सवय होते. त्या रोजच्या, चहासारख्या. पण एक साडी अशी आली की तिच्यापुढे या सगळ्या भीती पोरखेळ वाटाव्यात. ती साडी माझ्या घरात होती तोवर मला अन्न गोड लागलं नाही.

धामणगाव बढ्याहून मायलेकी आल्या होत्या. आई सुमनबाई, अंगणवाडीत मदतनीस. मुलगी प्रज्ञा, सरकारी दवाखान्यात नर्स. वैशाखात तिचं लग्न ठरलं होतं. बौद्ध घरचं लग्न, म्हणजे नवरी पांढरी साडी नेसणार. मी मनातल्या मनात "अरे देवा" म्हटलं. पांढऱ्यावर काम करायचं म्हणजे डोळ्यात तेल घालून.

प्रज्ञानं पिशवीतून एक जुनं मलमलचं फडकं काढलं, ते उलगडलं, आणि आतून कोरी पांढरी साडी माझ्या मांडीवर ठेवली. तान्हं मूल दुसऱ्याच्या हातात देतात तशी ठेवली.

"काकू, हे माह्या बाबानं आणली," ती म्हणाली. "बाबा ट्रकवर होते. कापसाच्या गाठी घेऊन सुरतले जायचे. मी दहावीत होती तवा मले चित्रकलेत बक्षीस भेटलं होतं. बाबा दुकानात गेले न म्हणाले, पोरगी आर्ट करते, तिच्यासाठी काही दाखवा. त्यानं हे देल्लं. आर्ट सिल्क! चित्र काढाचंच सिल्क असते ना हे, काकू? बाबा म्हणे, बेटा, यावर तू सोता आर्ट काढ न लग्नात नेस."

बोलताना तिचा चेहरा असा उजळला होता की मी मान हलवली. दुसरं काय करणार?

"मग तूच का नाही काढत?" मी विचारलं.

उत्तर आईनं दिलं. "बाबा गेले न हिचं चित्र सुटलं. नर्सिंगले गेली. आता हात बसत नाही म्हणते. दरसाल हे फडकं सोडते, साडीवरून हात फिरोते न परत ठेवून देते."

वाचकहो, ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आर्ट सिल्कमधल्या आर्टचा चित्रकलेशी काडीचा संबंध नाही. तो आर्टिफिशियल या शब्दाचा पुढचा तुकडा आहे. आर्ट सिल्क म्हणजे नकली सिल्क. दुकानदार ते लेबलवर इतकं सरळ छापतात की त्यांना खोटारडंही म्हणता येत नाही. त्या ड्रायव्हर बापानं "आर्ट" हा शब्द ऐकला, आपली चित्रं काढणारी पोरगी आठवली, आणि छाती फुगवून ते गाठोडं ट्रकच्या केबिनमध्ये जपत घरी आणलं. आणि पोरगी इतकी वर्षं ते जगाला सांगत आली होती.

हात लावताच मला शंका आली होती. खरं रेशीम हाताला उबदार लागतं, मुठीत चुरगाळलं की कुरकुरतं. हे गार होतं आणि निसटत होतं. त्या गेल्यावर मी ब्लाउजपीसच्या कडेचा एक धागा ओढला आणि गॅसवर धरला. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरते. हा धागा वितळला. त्याचा काळा कडक मणी झाला, आणि घरभर प्लास्टिकचा वास सुटला. मी गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला टेकले.

आता माझी अडचण बघा. पातळ रंग नकली सिल्कच्या धाग्यात मुरतच नाही, पहिल्या पाण्याबरोबर वाहून जातो. राहिला जाड रंग. त्याला कडक इस्तरी हवी. मी ब्लाउजपीसच्या एका कोपऱ्यावर रंगाचा ठिपका दिला, वाळवला, आणि जीव मुठीत धरून इस्तरी टेकवली. कापड आक्रसलं, सुरकुतलं, आणि इस्तरीला चिकटून वर आलं. मी किंचाळलेच. हे बाहेरून धावत आले. त्यांना वाटलं शॉक बसला.

सगळं ऐकून हे म्हणाले, "एवढं काय त्यात? आपल्याकडे पांढरं शुद्ध रेशीम पडलेलं आहे. त्यावर चित्र काढ आणि दे. ती साडी ठेव बाजूला. चांगलंच देऊन राह्यली ना तू? खोटं थोडीच देतेस?"

आमचे हे बाजार समितीत कारकून होते. एका पोत्यातला माल दुसऱ्यात गेला तरी वजन भरल्याशी मतलब. पण खरं सांगते, त्यांचं बोलणं मला गोड लागलं. मी कपाटातून आपलं रेशीम काढलं, दोन्ही साड्या शेजारीशेजारी पसरल्या. लांबून बघितलं तर फरक कळत नव्हता. मी हातात पेन्सिल घेतली, रेशमावर पहिली रेघ आखायला वाकले, आणि तशीच थांबले. ती पोरगी दरवर्षी ते मलमलचं फडकं सोडून साडीवरून हात फिरवत होती. तिच्या हाताला ते गार, निसटतं कापड पाठ होतं. लग्नाच्या दिवशी तिनं पदर खांद्यावर घेतला आणि तिच्या हातानंच तिला सांगितलं की ही बाबाची नाही, तर? मी काय तोंड दाखवणार होते? मी आपलं रेशीम घडी करून परत कपाटात कोंबलं आणि ह्यांच्यावर उगाचच ओरडले.

मग ठरवलं, खरं सांगून टाकायचं. पोरीला नव्हे, आधी आईला. सुमनबाई लग्नाच्या खरेदीला नांदुऱ्याला आल्या तेव्हा एकट्याच घरी आल्या. मी त्यांना पाणी दिलं, बसवलं आणि घसा साफ केला.

"सुमनबाई, ते साडीचं जरा..."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "नकली हाय," त्या म्हणाल्या. "मले माहीत हाय, ताई."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"त्याईनं आणली त्याच हप्त्यात मले समजलं. बचत गटातल्या एका बाईनं हात लावून सांगतलं, आर्ट सिल्क म्हणजे नकली, फसोलं तुमच्या मालकाले. मी तिले म्हटलं, बाई, तोंड बंद ठेव. त्याले सांगतलं नाही. काऊन सांगू? एवढा खुश होता माणूस! गल्लीतल्या एकेकाले बोलावून दाखवे. मंग तो गेला. पोरीले तं आता कदीच सांगता येत नाही."

"पण ती नर्स आहे, शिकलेली आहे. कधी ना कधी कळेलच."

"कयलं तर कयलं, पण तुमच्या तोंडून नाही न माह्या तोंडून नाही." त्यांचा आवाज चढला, आणि मग एकदम खाली आला. "ताई, तिच्या बाबाले लोकं अनाडी ड्रायव्हर म्हणत. दारू पेते म्हणत. पेतही होता. पोरीजवळ त्याची हे एकच गोष्ट चांगली हाय. माह्या बाबाले आर्ट समजे, म्हणते ती. तेवढं राहू द्या तिच्याजवळ. मी तुमच्या पाया पडते."

त्या खरोखरच वाकायला लागल्या. मी मागे सरकले, माझी टाच पलंगाच्या चौकटीवर आपटली, आणि दुखायला लागली म्हणून का कोण जाणे, मी रडायला लागले. मग दोघींनी चहा घेतला. इतकी वर्षं त्या बाईनं ही धास्ती एकटीनं बाळगली होती. आता त्यातली अर्धी माझ्या गळ्यात आली.

मी काम केलं. कसं केलं ते माझं मला माहीत. जाड रंग आणखी घट्ट करून घेतला. प्रज्ञाला काठावर पिंपळाची पानं हवी होती आणि पदरावर हातात हात धरलेली वारली माणसं, सगळं निळ्या रंगात. पांढऱ्यावर निळी वारली माणसं मी जन्मात पहिल्यांदा काढली. ब्रश कापडावरून घसरत होता. रंग आत जायला तयार नव्हता, वरच बसत होता. एकेक माणूस काढताना मी मनात म्हणत होते, बाबा रे, घट्ट धरून बस. वर जाड चादर ठेवून कोमट इस्तरी फिरवली. त्याहून जास्त उष्णता द्यायची हिंमत नव्हती. मग साडी वळचणीला पसरून उन्हाळ्याच्या झळांवर सोडून दिली, जेवढे दिवस हातात होते तेवढे. शेवटी ओला पांढरा रुमाल घेऊन एका पानावर हळूच घासला. रुमालावर निळसर छटा आली. अगदी फिकट. बघितली नाही म्हटलं तरी चाललं असतं, पण मी बघितली होती.

साडी देताना मी सुमनबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "पाणी लागू देऊ नका. थेंबसुद्धा."

"लग्नात पाणी कोठून येते, ताई?" त्या म्हणाल्या.

मलाही तेव्हा ते पटलं.

लग्नाला मी गेले. मोताळ्याला गाडी बदलून धामणगावला पोचले तेव्हा मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. वैशाखातलं ऊन पत्र्यातून उतरत होतं. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या लावलेल्या, त्यांचीही धग. प्रज्ञा समोर आली आणि बायकांमध्ये कुजबुज उठली. माझंच काम, पण मलाही क्षणभर ओळखू आलं नाही, इतकं ते तिच्या अंगावर शोभत होतं. "बाबानं आणली होती," ती भेटेल त्याला सांगत होती. "आर्ट सिल्क. काकूनं आर्ट काढलं." मी हसत होते, पण माझं लक्ष तिच्या मानेवरच्या घामावर होतं. त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले, फुलं उधळली गेली. कुणी पाण्याचा ग्लास घेऊन तिच्या जवळून गेलं की तो ग्लास दूर जाईपर्यंत मी मान उंच करून बघत राहायचे. शेजारची बाई मला म्हणाली, "तुमाले बरं नाही वाटून राह्यलं काय?" मी म्हटलं, "ऊन बाधलं."

कार्य निर्विघ्न पार पडलं. मी तर मनातल्या मनात सुटलेसुद्धा. जेवले. मठ्ठा दोनदा मागून घेतला.

मग पाठवणीची वेळ आली, आणि ती पोरगी आईच्या गळ्यात पडली. लग्नात पाणी कोठून येते! मायलेकी अशा रडल्या, अशा रडल्या की त्यांना सोडवायला बायका पुढे झाल्या. प्रज्ञाचा खांदा आईच्या खांद्यात रुतला होता, वर दोघींच्या घामाच्या आणि आसवांच्या धारा. मी एका खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होते. त्या दूर झाल्या तेव्हा सुमनबाईंच्या पांढऱ्या पातळावर, खांद्यापाशी, एक निळं पान उमटलं होतं. शेजारी वारली माणूस, तोही अर्धाच.

सगळ्यांनी बघितलं. प्रज्ञानं बघितलं. तिनं आपल्या पदराकडे पाहिलं, तिथे तेवढा रंग फिका झाला होता. तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं.

"काकू?" ती म्हणाली. "सिल्कवरून रंग काऊन उतरला?"

नवऱ्याकडच्या एक जाड्या मावशी पुढे आल्या. त्यांनी पदर दोन बोटांत धरला, चोळला, आणि ओठ मुडपले. "कापडच पाहा आधी," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "मले तं हे सिल्क..."

सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी पुन्हा कुणाच्या डोळ्यांत बघू नये.

"कापडाला नाव ठेवू नका!" मी ओरडले. स्वतःचा आवाज मलाच ओळखू आला नाही. "कापड एक नंबर आहे. असं कापड माझ्या हाताखालून गेलेलं नाही. रंग माझा कच्चा. लग्नसराईची घाई होती, मी नीट पक्का केला नाही. रंग गेला तो माझ्यामुळे गेला."

मावशींनी पदर सोडला. भर मांडवात, पंचक्रोशीतल्या बायकांसमोर, नवरीच्या साडीबद्दल मी ते दोन शब्द माझ्याच तोंडानं बोलले होते. मला दरदरून घाम फुटला. त्या बाजूच्या गावांतून पुढे मला काम आलं नाही, ते मी धरूनच चालले होते.

प्रज्ञानं माझा हात धरला. "असू द्या काकू. होते घाई. बाबाची साडी तं चांगली हाय ना, मंग झालं." आणि ती गाडीत बसली.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तशा बायका पांगल्या. मला आता एकच सुचत होतं. रांजणावर जाऊन रुमाल भिजवला आणि सुमनबाईंच्या खांद्याशी आले. "ओला आहे तोवर निघेल," मी म्हणाले. "लगेच पुसलं तर पातळ वाचेल तुमचं."

त्यांनी माझं मनगट धरलं. "पुसू नका, ताई."

"अहो, डाग आहे तो."

त्या मान वळवून खांद्याकडे बघत होत्या. चेहरा रडून सुजलेला, पण गालात हसत होत्या.

"जलमभर सुरतच्या फेऱ्या केल्या त्या माणसानं," त्या म्हणाल्या. "मले कदी एक पातळ आणलं नाही. आता आणलं."